‘ख्रिस्ती सोडून बाकी सगळे नरकात’ : एक खुलासा

नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा जवळ आली की एक संदेश फिरू लागतो : ‘ख्रिस्ती धर्म म्हणतो, आमच्याखेरीज सगळे नरकात, म्हणून तो मुळातच असहिष्णू.’

‘माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही,’ हे येशूचे वचन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (१४:६) आहे. ते लपवण्याचे कारण नाही, आणि गुळमुळीत करण्याचेही नाही. पण त्यावरून ‘बाकी सगळे नरकात’ हा निष्कर्ष सरसकट काढता येत नाही. काही प्रोटेस्टंट पंथ तसे मानतात, हे खरे. कॅथलिक चर्चने मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, १९६४ साली, उलट सांगितले : स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण, म्हणजे मुक्ती, मिळू शकते. याच परिषदेच्या १९६५ च्या घोषणापत्रांत इतर धर्मांतले सत्य आणि पवित्र ते आम्ही नाकारत नाही, असे म्हटले; श्रद्धेची सक्तीही अमान्य केली.

हे उशिरा झाले. गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेवरून खटले चालवून शिक्षा देणारे धर्मन्यायालय, १५६० साली सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे बंद झाले; ती असहिष्णुताच होती. तिथे टीका रास्त आहे.

आपले तेच खरे मानणे आणि दुसऱ्यावर जबरदस्ती करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तर निरीश्वरवादीही करतो! राहिली यात्रा. फेब्रुवारीत तिथल्या रांगेत हिंदू भाविकही मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांना कोणी धर्म विचारत नाही.