टेंडनची ‘आग’ विझवायला निघालेल्यांना

मॅरेथॉनचा हंगाम जवळ आला की धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) दुखतोय म्हणजे तिथे दाह आहे, दाह म्हणजे आग, ती विझल्याशिवाय टेंडन भरून येत नाही. म्हणून बर्फ लावा, दाह कमी करणाऱ्या गोळ्या घ्या, सहा आठवडे पूर्ण विश्रांती घ्या. तरी थांबलं नाही तर स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, की टेंडन नव्यासारखा!

‘दुखतोय म्हणजे दाह आहे.’ टेंडन अचानक फाटला असेल तर आहेच. पण सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेमागे कळ येते आणि हे महिनोन्महिने चाललंय, असं असेल तर प्रकरण वेगळं. टेनिस एल्बोच्या, म्हणजे कोपराजवळच्या टेंडनच्या दुखण्याच्या, शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे अमेरिकन सर्जन रॉबर्ट निर्शल यांनी तपासले, तेव्हा त्यांना कोलॅजनचे, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे, विस्कटलेले धागे आणि नको तिथे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. दाहाच्या नेहमीच्या पेशी फारशा नव्हत्या. त्यांचं हे काम 1979 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2002 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ‘टेंडिनायटिस’ची (म्हणजे टेंडनला दाह झाल्याची) समजूत आता सोडून द्या, असं संपादकीयच आलं. मग काही जण दुसऱ्या टोकाला गेले: ‘जुन्या दुखण्यात दाह नसतोच.’ तेही खरं नाही. नव्या तंत्रांनी पाहिल्यावर ऑक्सफर्डच्या संशोधकांना दुखऱ्या टेंडनमध्ये मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी आणि दाहाच्या खुणा सापडल्या. पण तो दाह धुमसत राहिलेला असतो. मुरगळल्याच्या दिवशी येणाऱ्या लाल, गरम सुजेचे उपाय त्याला लावून भागत नाही.

‘दाह विझल्याशिवाय भरून येत नाही.’ ताज्या दुखापतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. पहिले काही दिवस दाहाच्या पेशी मेलेला ऊतक उचलतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावतात. मग काही आठवडे घाईघाईने कच्चं, तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन घातलं जातं. त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं मजबूत कोलॅजन यायला महिने, कधी वर्षभरही लागतं. पहिली पायरी गाळली तर पुढचं लांबतं. स्वीडनमध्ये उंदरांच्या फाटलेल्या टेंडनवर पॅरेकॉक्सिब हे दाहशामक देऊन पाहिलं: सुरुवातीच्या दिवसांत दिलं तेव्हा दुरुस्ती कमजोर झाली, उशिरा दिलं तेव्हा फायदा दिसला. प्रयोग उंदरांवरचा आहे, त्यामुळे मुरगळलेल्या रात्री एक गोळी घेतली म्हणून कुणी घाबरायचं कारण नाही. शर्यतीच्या सकाळी ‘खबरदारी म्हणून’ गोळी खाऊन पळणाऱ्यांनी मात्र मूत्रपिंडांचा विचार करावा.

बर्फाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बर्फ आणि विश्रांतीचा ‘राइस’ (रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन) हा मंत्र 1978 मध्ये रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच 2014 मध्ये लिहिलं की दोन्हींमुळे बरं होणं लांबू शकतं. ठणका कमी करायला थोडा वेळ लावा, पण त्याला उपचार म्हणू नका.

‘सहा आठवडे पूर्ण विश्रांती.’ सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. टेंडनच्या पेशींना ताण जाणवतो आणि धागे कोणत्या दिशेने रचायचे हे त्या ताणावरूनच ठरतं. ताण बंद केला की टेंडन आणखी अशक्त होतो. सातव्या आठवड्यात पळायला गेलं की दुखणं जागच्या जागी. स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये अकिलीस, म्हणजे टाचेमागच्या, टेंडनच्या जुनाट दुखण्याच्या 15 हौशी खेळाडूंना पायरीच्या कडेवर उभं करून टाच सावकाश खाली सोडायला लावली. गुडघा सरळ ठेवून 15-15 चे 3 संच, वाकवून तितकेच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. थोडं दुखलं तरी थांबायचं नाही. पंधराही जण पुन्हा धावू लागले. अभ्यास लहान होता, पण व्यायामाचा हा मार्ग तेव्हापासून टिकला आहे. पूर्ण तुटलेल्या अकिलीसचंही पाहा: 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या 540 रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी काहींना प्लास्टर घातलं, तर काहींना ब्रेस (पायाला बाहेरून आधार देणारं साधन) देऊन लवकर चालू दिलं. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. लवकर पाय टेकल्याने काही बिघडलं नाही.

‘एक इंजेक्शन, काम तमाम.’ टेनिस एल्बो हे नाव आपल्याकडे 2004 मध्ये सचिनच्या कोपरामुळे घरोघरी पोचलं, आणि त्या दुखण्यावर या इंजेक्शनचा चांगला अभ्यास झालेला आहे. ब्रिस्बेनमधल्या 198 रुग्णांच्या चाचणीत (2006) सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी 78 टक्के खूश होते. वर्षभरात त्यांच्यातल्या 72 टक्के जणांचं दुखणं परतलं. फिजिओथेरपी घेतलेले, आणि नुसते सांभाळून राहिलेलेसुद्धा, वर्षअखेरीस त्यांच्यापेक्षा बरे होते. दुखणं थांबतं हे खरंच, म्हणून तर ‘मला लागू पडलं’ म्हणणारा प्रत्येक ग्रुपवर भेटतो. तो सहसा सहाव्या आठवड्यात बोलत असतो.

‘नव्यासारखा.’ हेही नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की अकिलीसचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. फाटलेली जागा व्रणासारख्या ऊतकाने भरते. तो ऊतक कामाला चांगला तयार होतो, पण व्यायामाने.

मेसेजमध्ये जे यायला हवं होतं ते आलेलंच नाही. पळताना पोटरीत मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि नंतर चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर व्यायाम आणि बर्फ दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि टेंडन अचानक दुखू लागला तर अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का, ते आठवून पाहा. या गटातल्या अँटिबायोटिकमुळे टेंडन तुटू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच छापायला लावला. आपल्याकडे जुलाब झाले की पुष्कळ जण दुकानातून परस्पर आणून घेतात ती गोळी बहुधा याच गटातली.