मिस्त्रीला म्हणे पायथागोरस लागत नाही!

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो: भूमिती आयुष्यात कुणालाच लागत नाही, मिस्त्री ती न शिकताच काटकोन काढतो, 'व्यवहारातली उदाहरणं' ही नुसती रंगरंगोटी, त्यापेक्षा मुलांना कर भरायला शिकवा. पुण्यात गणित शिकवत असल्यामुळे तो मला दरवर्षी न चुकता येतो.

कराचं आधी उरकतो. बालभारतीच्या 2017 च्या नववीच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' प्रकरणात आयकर आहे, 2018 च्या दहावीच्या पुस्तकात जीएसटी. लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही, इतकंच.

आता मिस्त्री. आखणी करताना तो कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर, दुसरीवर चार फुटांवर खूण करतो आणि मधलं अंतर पाच भरतं का ते टेपने बघतो. भरलं, की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे उलटं विधान: दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाइतकी भरली, की कोन काटकोन. नाव त्याला ठाऊक नसेल, पण उस्तादाकडून तो शिकलाच ना?

शिवाय ही युक्ती कोपरा काटकोनात आणायचा असतो तिथलीच. पेठेतल्या जुन्या वाड्याची तिरकी जागा आली, तर नुसत्या चार बाजू मोजून क्षेत्रफळ निघत नाही. समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी 30-30 आणि दुसरी 40-40 फूट असलेली जागा आयत असेल तर 1200 चौरस फूट भरते. तीच कलून एक कोन 30 अंशांचा झाला तर 600. परिमिती तीच, जागा निम्मी. पेठेतल्या भावात हा फरक किती रुपयांचा, ते पुणेकराला सांगायला नको. वर्गात पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टोकांना टाचण्यांनी जोडल्या की चौकट डुगडुगते, तिरकी पाचवी लावली की घट्ट बसते. पाठ केलेली बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी, म्हणजे तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, इथे हाताला लागते. मग एक कर्ण मोजायचा, दोन त्रिकोण पाडायचे, तीन बाजूंवरून क्षेत्रफळ देणारं हेरॉनचं सूत्र लावायचं.

रंगरंगोटीचा आरोप मात्र निम्मा खरा. पुस्तकातल्या गणितातली, भिंतीला टेकवलेली ती शिडी! लांबीही दिलेली, पायाचं अंतरही दिलेलं. शिडीऐवजी 'कर्ण' लिहिलं तरी गणित तेच. मलाही ही गणितं नकोशी वाटतात. पण म्हणून उदाहरणंच काढून टाकायची? त्यापेक्षा मुलांच्या हातात टेप द्या आणि विचारा, ही जागा पक्की करायला कमीत कमी किती मापं लागतील? चार कोपऱ्यांना पाच, हे पट्ट्यांवरून कळलेलं असतं. पाच कोपऱ्यांना सात, हे ती आपली आपण काढतात. सहावर वर्गात भांडण जुंपतं.