‘सगळं कॉम्प्युटरनं काढलं’ म्हणे!

झाहा हदीद या जगप्रसिद्ध आर्किटेक्ट बाईंवरचा एक फॉरवर्ड बजाजनगरच्या आमच्या भाचीपर्यंत पोचला, आणि आर्किटेक्चरच्या पहिल्याच वर्षाला असलेली पोरगी ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर टाकायला निघाली. त्यात म्हटलंय: बाईंना चित्र काढता येत नव्हतं, सगळं कॉम्प्युटरचं काम, चित्रं बांधण्याजोगी नव्हती म्हणून वर्षानुवर्षं काही उभं राहिलं नाही, पहिली इमारत एवढी फसली की फायरमन पळाले.

पहिल्या मुद्द्यानं तर हद्दच केली. टेम्सवरच्या पुलावर हॉटेल कल्पून लंडनमध्ये शिकतानाच बाईंनी ‘मालेविच्स टेक्टॉनिक’ हे अ‍ॅक्रिलिकचं चित्र केलं, १९७६-७७ साली. कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं डिसेंबर १९८२ मध्ये. मग कोणतं सॉफ्टवेअर, बाप्पा? रीत हाताचीच. प्लॅन कागदावर तिरका फिरवायचा आणि प्रत्येक कोपऱ्यातून उंची त्याच स्केलनं सरळ वर उचलायची. लांबचं लहान होत नाही, त्यामुळे मापं चित्रावरूनच घेता येतात. हाँगकाँगच्या ‘पीक’ या डोंगरावरच्या क्लबच्या डिझाइन स्पर्धेत (१९८३) बाईंनी पुढे जाऊन मजलेच सुटे करून हवेत मांडले.

‘बांधण्याजोगी नव्हती’? जर्मनीत वाइल आम राइन गावी विट्रा या फर्निचर कंपनीचं फायर स्टेशन १९९३ मध्ये उभं राहिलं. चित्रातली सुरीसारखी धार तिथे उघड्या काँक्रीटमध्ये उतरली, आणि खरी मेहनत तिथेच आहे. आपल्याकडे सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या फळ्यांच्या साच्याच्या) कोपऱ्यात चॅम्फर पट्टी, म्हणजे कडेची धार मोडणारी तिरकी पट्टी, ठोकतात, कारण टोकदार कोपऱ्यात गिट्टी पोचत नाही, फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं दूध गळतं, मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडतात आणि फळी काढताना कडा तुटते. जर्मनीतल्याच वोल्फ्सबुर्गच्या फेनो या विज्ञान केंद्राला (२००५) झुकत्या, दाट सळ्यांच्या भिंतींत काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर पोचेना, म्हणून आपोआप पसरणारं काँक्रीट वापरलं. ब्रिटनमधल्या कार्डिफचं ऑपेरा हाउस १९९५ मध्ये बारगळलं ते निधी नाकारल्यामुळे.

फायरमन? विट्राच्या आवारातलं आग विझवायचं काम पुढे गावच्या अग्निशमन दलाकडे गेलं आणि इमारतीत खुर्च्यांचं प्रदर्शन आलं. तिरक्या भिंतीला कपाट टेकत नाही, एवढं मात्र कबूल.

आणि हो, अझरबैजानमधल्या बाकूच्या हैदर अलियेव सेंटरचं (२०१२) ते लाटेसारखं छत कॉम्प्युटरशिवाय झालंच नसतं, हेही नाइलाजानं मान्य. पण ते त्या अ‍ॅक्रिलिकच्या चित्रानंतर ३५ वर्षांनी. भाचीनं आधी सेट-स्क्वेअर उचलावा.