व्हॅटिकननं क्वायर बंद केलं म्हणे!

परत तेच फॉरवर्ड फिरायलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (1962-65 ची जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली सभा) चर्चमधलं लॅटिन गाणं, क्वायर (चर्चमधला गाणारा गट) अन् ऑर्गन बंद केले, तबला-पेटी घुसवली, खरं पवित्र संगीत तिथंच संपलं. जालना-संभाजीनगरकडचे आपलेच लोक धडाधड पुढं पाठवायलेत, म्हणून लिहायलोय.

लॅटिन बंद झालं नाही. परिषदेचा उपासनेवरचा दस्तावेज 4 डिसेंबर 1963 चा, त्यात कलम 116 मध्ये ग्रेगोरियन चँटला, म्हणजे चर्चच्या जुन्या, एका आवाजातल्या लॅटिन गायनाला, मानाचं पहिलं स्थान दिलंय, कलम 36 लॅटिन टिकवा म्हणतं अन् सोबत लोकभाषेला परवानगी देतं.

क्वायरचं तर उलटंच आहे. कलम 114 म्हणतं क्वायर जोमानं वाढवा, आणि विशेष करून कुठं, तर कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये! फक्त लोकांनाही त्यांच्या वाट्याचं गाता आलं पाहिजे अशी पुस्ती आहे. आता आमच्याकडं मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) आधी प्रॅक्टिसला चार टाळकी येतात, पोरं नोकरीला पुण्याला गेलेली, टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, माणूसच नाही, मग चार आवाजांचं गाणं एका आवाजात उरकतं, ह्यात रोमचा काय दोष?

ऑर्गनला कलम 120 मध्ये मोठा मान आहेच, बाकी वाद्यं योग्य असली तर परवानगीनं चालतात, आणि 119 तर सांगतं की लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्या. तसं आमच्या खेड्यातल्या चर्चात पाईप ऑर्गन होता कधी, की तबल्यानं तो हाकलला? अन् मराठीचं म्हणाल तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 चं, ओवीत. ते मिस्सेचं संगीत नव्हे हे खरं, पण कॅथलिक भक्तीला मराठी छंद काही 1963 नंतर चिकटला नाही.

एक मात्र मान्य. अर्पणाच्या वेळी कीबोर्डवाला रिदमचं बटण दाबतो अन् धाडधाड डिस्को बीट सुरू होतो, तेव्हा माझंही डोकं फिरतं. पण ते परिषदेनं नाही, त्या बटणानं केलंय.

आणि ज्यांना एकदम जुनंच पाहिजे त्यांनी पोप दहाव्या पायसचा चर्चसंगीतावरचा 1903 चा आदेश वाचावा. त्यात चर्चमध्ये पियानोला बंदी, अन् क्वायरमध्ये बायकांनाही, वरचे आवाज पोरांकडून गाऊन घ्या म्हणे. म्हणजे आमच्या क्वायरमधल्या सगळ्या ताया-मावश्या घरी. मग ख्रिसमसला गाणार कोण, फॉरवर्डवाले?