शेतकऱ्याची वही बंदच ठेवणारे अर्थशास्त्राचे प्रशिक्षण

विद्यापीठाच्या विस्तार विभागाने शेतकऱ्यांसाठी भरवलेल्या शेतीच्या अर्थशास्त्राच्या प्रशिक्षणाला मी तिसऱ्यांदा जाऊन आलो आणि तिसऱ्यांदा माझी हिशेबाची वही पिशवीतून बाहेर न काढताच परत आणली. आता मात्र संताप आवरत नाही.

निमंत्रणात स्पष्ट लिहिले होते की, आपल्या शेताच्या जमाखर्चाच्या नोंदी सोबत आणाव्यात. म्हणून आदल्या रात्री जागून बियाणे, खते, डिझेल, मजुरी, वाहतूक असे पानोपानी विखुरलेले आकडे मी एका कागदावर उतरवून घेतले. सकाळचा सगळा वेळ उद्घाटन, सत्कार आणि नव्या वाणांची माहिती यांत गेला. अर्थशास्त्राच्या वाट्याला जेवणानंतरची 40 मिनिटे आली आणि तेवढ्या वेळात पडद्यावर स्थिर खर्च, बदलता खर्च, सीमांत उत्पन्न, संधी खर्च अशा व्याख्या एकामागून एक सरकत राहिल्या. माझ्या शेजारचे वयस्कर शेतकरी त्या उतरवून घेऊ पाहत होते, पण त्यांच्या दोन ओळी होईपर्यंत पुढची व्याख्या आलेली असे. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावले आणि हात वर करून विचारले, “घरची चार माणसे शेतात राबतात, त्यांची मजुरी खर्चात धरायची की नाही?” वेळ कमी आहे, हा प्रश्न चहाच्या वेळी घेऊ, असे उत्तर मिळाले. चहाच्या वेळी व्याख्याते निघून गेले होते.

हा प्रश्न किरकोळ होता का? घरची मजुरी धरली नाही तर नफा दिसतो आणि धरली तर तोच नफा अनेकदा तोट्यात जातो. शेती वाढवायची, कमी करायची, की घरातल्या एखाद्याने बाहेर काम धरायचे, हा अख्ख्या घराचा निर्णय त्या एका आकड्यावर उभा असतो. संधी खर्च, म्हणजे एक काम धरल्यामुळे हातून गेलेली दुसऱ्या कामाची कमाई, ती नेमकी हीच. पडद्यावर त्याची व्याख्या होती, समोरच्या खुर्चीत त्याचे उदाहरण बसले होते, आणि शिकवणाऱ्याला ते ओळखता आले नाही.

भाव कोसळले तेव्हा उभे पीक काढावे की शेतातच सोडावे, या विचारात मागच्या हंगामात मी चार दिवस घालवले. घातलेला पैसा डोळ्यांपुढून हलत नाही आणि माणूस त्याच्याच वसुलीच्या मागे लागतो. खरे तर बियाण्याचा आणि खताचा पैसा पीक काढले तरी गेलेला असतो आणि न काढले तरी गेलेलाच असतो. म्हणून विक्रीतून काढणी, भराई आणि वाहतूक एवढा पुढचा खर्च भागून काही उरत असेल तर काढावे, नाहीतर सोडावे. हे मला पुढे वाचनातून कळले. सांगायला पाच मिनिटे पुरतात, आणि माझ्या वहीतले आकडे फळ्यावर मांडून सांगितले असते तर समोरचा एकही जण ते विसरला नसता. गेल्या वर्षीचा चढा भाव पाहून सगळे तेच पीक लावतात आणि भाव पडतो, या चक्राला अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी 1934 मध्ये ‘कॉबवेब’, म्हणजे कोळ्याचे जाळे, हे नाव दिले. ते चक्र सोसणाऱ्यांच्या कानावर त्याचा साधा उल्लेखही पडू नये?

शेतकऱ्याला हिशेब झेपत नाही, असे कुणी मला सांगू नये. पारंपरिक शेती करणारा गरीब शेतकरीही हाताशी असलेली साधने विचारपूर्वक आणि काटकसरीने वापरतो, हे अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी 1964 मध्येच मांडले होते. इंडोनेशियात 1989 पासून भातशेतकऱ्यांच्या शेतीशाळा शेतातच भरू लागल्या. तिथे शेतकरी स्वतः किडी मोजून फवारणीचा निर्णय घ्यायला शिकले. बांधावर किडी मोजायला शिकवता येते, तर खर्च मोजायला का शिकवता येत नाही?

निघताना हजेरीपटावर सह्या घेतल्या, फलकासमोर आमचा फोटो काढला आणि प्रमाणपत्रे वाटली. मला प्रमाणपत्र नको आहे. पुढच्या वेळी मोजकीच माणसे बोलवा, पेरणीच्या आधी बोलवा, सत्कार वगळा, आणि आमच्यातल्या कुणा एकाची वही उघडून तिच्यातला हिशेब पहिल्या पानापासून आमच्यासमोर मांडून दाखवा.