गिऱ्हाइकाने पैसे भरलेत, मग ते माझ्या खात्यात का नाहीत?

डोकं फिरलंय नुसतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर पेमेंट गेटवेवाल्यांनी, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आम्हाला पोचवणाऱ्या कंपनीने, माझं सेटलमेंट, म्हणजे ते पैसे माझ्या खात्यात जमा करणं, अडकवलंय. कारण म्हणे 'रिस्क रिव्ह्यू'. अचानक ऑर्डरी वाढल्या, म्हणून माझ्यावर संशय! अरे, नाशिकच्या भांडीबाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. धनत्रयोदशीच्या आधी भांड्यांना मागणी वाढते हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले क्षणात. मी समया पॅक केल्या, कुरिअरला दिल्या, त्या घरोघरी पोचल्यासुद्धा. पैसे मात्र एस्क्रो खात्यात पडून. दुकानदारांचे पैसे असे वेगळ्या खात्यात ठेवायचा नियम रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये केला, तो आमच्या पैशाला कुणी हात लावू नये म्हणून. आम्हालाच ते मिळू नयेत म्हणून नाही! एरवी दोन-तीन दिवस लागतात, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आता तारीखच सांगत नाहीत. जीएसटीचं प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, रद्द केलेला चेक, बिलं, कुरिअरच्या पावत्या, मागितलं ते सगळं पुन्हा दिलं. तरी चॅटवर तेच ठरावीक उत्तर, 'आमची टीम तपासत आहे'. कसली टीम? फोनवर एक माणूस येत नाही. इकडे तांबट कारागीर मजुरी मागायला दारात उभा. दिवसभर ठोके घालून त्याने हंड्याचं मठारकाम केलंय, सण त्याच्याही घरी आहे. त्याला काय सांगू, रिव्ह्यू चालू आहे?

आणि कापायला मात्र एक दिवस उशीर नाही. पाच हजारांच्या ऑर्डरवर कार्डाचे 2 टक्के म्हणजे 100 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 118. गिऱ्हाइकाने घंगाळ परत पाठवलं तर त्याला मी पूर्ण पाच हजार देतो, पण ते 118 मला परत मिळत नाहीत. जाण्यायेण्याचं कुरिअरही माझ्याच माथी. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर 2020 पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापायचं शुल्क, शून्य आहे, तरी 'प्लॅटफॉर्म फी' लावून कापतातच.

त्यात पेमेंट मध्येच लटकलं की शिव्या मला. 'दादा, माझे पैसे कट झाले, तुम्ही ऑर्डर नाही म्हणता, फसवता का?' ताई, ते पैसे माझ्यापर्यंत आलेच नाहीत हो! 2019 चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला गेटवेने सांगायला नको? बँकेने सांगायला नको? एक एक जणाला मी समजावत बसतो, दुकान सोडून.

चार्जबॅकचं, म्हणजे गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागण्याचं, तर बोलूच नका. पार्सल पोचलंय, सही आहे, तरी कुणी 'मिळालं नाही' म्हटलं की आधी माझे पैसे कापून घेतात, मग पुरावा मागतात. पुरावा द्यायला मला मोजके दिवस, आणि निकाल द्यायला यांना कसलीच मुदत नाही? मला आज लेखी कारण हवंय आणि पैसे कधी सोडणार ती तारीख हवीये. नाही दिली तर आधी यांच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे आणि तिथून थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. कागद तयार आहेत.