दोघं मिळून

परवा एका मैत्रिणीनं व्हॉट्सअॅपवर जाहिरात पाठवली. एका आंतरराष्ट्रीय संस्थेला लिंगसमानता आणि मानवी हक्क विभागाचा प्रमुख पाहिजे. मुक्काम परदेशात, अनुभव पंधरा वर्षं, इंग्रजी उत्तम, फ्रेंच येत असेल तर अधिक बरं. खाली तिचा निरोप : "भर ना फॉर्म, तुला काय कमी आहे?"

फ्रेंच सोडलं तर तसं काही कमी नाही. यवतमाळ जिल्ह्यात सतरा वर्षं हेच करतेय, त्यातली बरीचशी परदेशी पैशावर. फॉर्म भरणार नाहीये, पण दोन दिवस ती जाहिरात डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांचा पाहणी दौरा होता. समाजमंदिरात सतरंज्या, गुलाबाची फुलं, फळ्यावर रांगोळीसारखं लिहिलेलं 'सुस्वागतम्'. पंचवीसेक बाया आल्या होत्या, ऐन वेचणीचा दिवस पाडून. कापूस किलोवर वेचला जातो, त्यामुळे बसलेल्या दिवसाचे पैसे शून्य. हे पाहुण्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही. पाहुण्या मॅडम भल्या होत्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या, मन लावून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, घरात पैशाचे निर्णय कोण घेतं? मी मराठीत विचारलं आणि एकेक बाई उठून सांगू लागली, "दोघं मिळून." "दोघं मिळून घेतो जी." मॅडम वहीत लिहीत होत्या.

जीप धुरळा उडवत गेली आणि गटाची अध्यक्ष असलेली मावशी माझ्याजवळ आली. "आमी बराबर बोललो ना वो ताई? नाही त तुमची नोकरी जाईन."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ते उत्तर आम्हीच प्रशिक्षणात शिकवलं होतं. बायांनी ते आमच्यावरच्या मायेपोटी पाठ केलं होतं, आणि अहवालात ते 'निर्णयप्रक्रियेतील सहभाग' म्हणून गेलं.

देणगीदार देशांच्या जगात एक पद्धत आहे. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या मोजमापानुसार प्रत्येक प्रकल्पाला लिंगसमानतेचा आकडा देतात : ०, १ किंवा २. शून्य म्हणजे तो उद्देशच नाही. एक म्हणजे इतर उद्देशांसोबत हाही एक महत्त्वाचा. दोन म्हणजे मुख्य उद्देशच हा. आमच्या प्रकल्पाला दोन मिळाले होते आणि आम्ही पेढे वाटले. पण हा आकडा प्रकल्प लिहिताना मनात काय होतं ते सांगतो, शेवटी काय झालं ते सांगत नाही. हे कळायला मला तीन वर्षं आणि एक फेरफार लागला.

तो फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदावर नाव बदलण्याची नोंद, एका तरण्या विधवेचा. नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं. जमीन सासऱ्याच्या नावावर आणि सासरा हयात, मग वारस नोंद कशाची करणार? तलाठी म्हणाले, कागदावर तुमच्या नवऱ्याचं काहीच नव्हतं बाई. निंदण, खुरपण, वेचणी सगळं तिनं केलेलं, पण शेतकरी कोण, तर सातबाऱ्यावर नाव असलेला. पीककर्ज त्याला, नुकसानभरपाई त्याला, २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपयेही त्याच्याच खात्यात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायांची होती सुमारे १४ टक्के. आमच्याकडे सकाळी आठ वाजता कापसाच्या कोणत्याही पऱ्हाटीत डोकावून पाहा, लुगडी-साड्या मोजा, आणि मग तो १४ चा आकडा परत वाचा.

२०१८ ला महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या ५०५ बायांशी बोलून पाहणी केली. त्यात ४० टक्के बायांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. हे मी कितीतरी मीटिंगांमध्ये सांगितलं. ऐकणारे चुकचुकतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात.

आमचा प्रकल्प तीन वर्षांत संपला. त्या पोरीचं नाव लागायला सहा वर्षं गेली, तेही सासरा वारल्यावर आणि दिराशी उभं भांडण घेऊन. कोणत्याच अहवालात तिची नोंद नाही, कारण नोंद घ्यायला तेव्हा प्रकल्पच उरला नव्हता.

आता एक गोष्ट कबूल करते. भारतानं १९९३ ला सीडॉ, म्हणजे बायांवरचा भेदभाव मिटवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, मान्य केला, त्याचं कलम १४ खास ग्रामीण बायांबद्दल आहे, हे मी गावोगावी तोंडपाठ सांगायची. महाराष्ट्रात १९९४ ला आणि साऱ्या देशात २००५ ला हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळाला, हेही. आणि ज्या वर्षी सर्वांत जास्त प्रशिक्षणं घेतली, त्याच वर्षी दिवाळीत मी भावाला हक्कसोड लिहून दिलं. भावानं साडी घेतली, वहिनीनं ओवाळलं. कोणी जबरदस्ती केली नाही. माहेर तुटेल एवढीच भीती होती. मग मावशीनं पाहुण्यांसमोर खोटं बोलल्याचा राग मी कोणत्या तोंडानं धरू?

म्हणून त्या जाहिरातीत मला एक अट हवी होती. अनुभव किती, हे जरूर विचारा. पण या कामापायी तुमच्या स्वतःच्या घरात कधी अबोला झाला का, हेही विचारा. ज्याचं उत्तर 'नाही' असेल, त्याला (मलासुद्धा) प्रमुख करण्याआधी थोडं थांबा.

नवीन काही शोधून काढायचीही गरज नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती चालवली, तेव्हा शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. कोणत्या परदेशी निधीवर नाही, गावच्या इरेवर. १९९२ ला सरकारनंही लक्ष्मीमुक्ती योजना आणली : नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. अडचण तिथंच, की अर्ज नवऱ्यानं करायचा. त्याहून पुढचं पाऊल २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावेच द्यायचा, कोणाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. गडचिरोलीत जंगलातल्या बाईला कायद्यानं जे दिलं, ते इकडे काळ्या कसदार जमिनीवर राबणाऱ्या बाईला अजून नवऱ्याकडे मागावं लागतं.

शिवाय पैशाचं एक दुखणं. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही. तालुक्याला तीन बाया एका खोलीत जे काम करत होत्या, त्यातलं बरंच बंद पडलं. तहसीलच्या खेपा त्याच मारायच्या. आता मोठ्या संस्थांकडे अहवाल आहेत आणि खेपा मारायला माणूस नाही.

असो. येत्या गुरुवारी आमच्या मंडळात वारस नोंदीसाठी आम्ही काही जणी बसणार आहोत, वडाखाली, सकाळी दहापासून. येताना मृत्यूचा दाखला, जुना सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड आणावं. कागद अपुरे असले तरी या, काय कमी आहे ते बघू. ज्यांच्या नवऱ्यांना लक्ष्मीमुक्तीचा अर्ज करायचा आहे, त्यांना सोबत घेऊन या. पाहुणे कोणी येणार नाहीत, त्यामुळे घरात निर्णय कोण घेतं ते खरं सांगितलं तरी चालेल.